ज्याचे त्याचे चिंचोके

दोन वर्षं आमच्या लढाईच्या खेळाच्या नियमपुस्तिकेतला पहिला नियम घोड्यांचा नव्हता, तोफांचाही नव्हता. तो चिंचोक्यांचा होता: ज्याचे त्याचे चिंचोके, दुसऱ्याच्या चिंचोक्यांना हात लावायचा नाही. हा नियम आम्ही केलाच नव्हता खरं तर. लहानपणापासून तो अंगात मुरलेला होता, म्हणून न विचारता पुस्तिकेत जाऊन बसला. बाकी प्रत्येक नियमावर आम्ही भांडलो. यावर एक शब्द बोललो नाही, आणि त्यानेच आमचा घात केला.

महनूर माझी डी.एड.पासूनची मैत्रीण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. तिला नोकरी लागेना, तेव्हा तिने मोताळ्यात वडिलांच्याच घरी माडीवर शिवणक्लास काढला, आणि आता तिचा क्लास माझ्या वर्गापेक्षा जास्त भरतो. तिचा धाकटा भाऊ आमीर नागपूरला कंपनीत आहे. एकदा सुट्टीला आला असताना त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातले चार टकले बापे एका मोठ्या टेबलाभोवती उभे. टेबलावर बोटाएवढे रंगवलेले सैनिक, पुठ्ठ्याचे डोंगर, तोफांच्या तोंडाशी कापसाचा धूर. एक जण टेपने मोजून घोडदळ पुढे सरकवत होता आणि मग फासे टाकून कोण मेलं ते ठरवत होता.

"एवढाले बापे अन् पोरायचे खेळ खेळून राह्यले!" मी म्हणाले.

महनूरने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला.

"टेप त आपल्याकडंबी आहे," ती म्हणाली. "कटिंगचा टेबल आहे. पण घोडा किती इंच सरकवायचा हे त्यायले सांगतं कोण?"

"नियमाचं पुस्तक असते," आमीर म्हणाला. "काही लोक सोताच बनवतात."

झालं. महनूरला असं काही सांगू नये. कुणी म्हटलं की अमुक ब्लाउज विकत मिळतो पण काही जणी घरीच बेततात, की ही लगेच खडू घेऊन बसणार. मलाही खाज आहेच. आठवड्याभरात आम्ही दोघी तिच्या अब्बांच्या, म्हणजे हबीबचाचांच्या मागे लागलो. चाचा भांड्यांना कल्हई करतात. हल्ली तांब्या-पितळेची भांडी घेऊन येतं कोण, त्यामुळे त्यांच्याकडे वेळही होता आणि कथीलही. मातीच्या साच्यात कथील ओतून त्यांनी पहिले घोडे काढले ते बकऱ्यांसारखे निघाले. टाकवेनात, म्हणून आम्ही त्यांना सामान वाहणारी जनावरं केलं. दुसऱ्या खेपेचे घोडे मात्र घोडे होते. हत्ती तर इतके सुरेख की मी एक घरी नेऊन टीव्हीवर ठेवला होता. महनूरने तो दुसऱ्या दिवशी परत मागवला.

लढाई कोणती घ्यायची, यावर वाद झाला नाही. आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याला सतराशे चोवीस साली निजाम आणि मुबारिजखान लढले, मुबारिज पडला, निजाम जिंकला. आम्ही दोघी बसने तिथे गेलो. रान कुठे उतरतं, कुठून समोरचा माणूस दिसेनासा होतो, ते चालून पाहिलं. महनूरच्या हातात टेप होता. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मोजणीवाल्या का हो बाई तुम्ही? कोनाचं वावर मोजून राह्यल्या?" आम्ही लढाई मोजतोय म्हटल्यावर तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. एक ओढा दिसला, तो आम्ही येऊन टेबलावर खडूने काढला. तेव्हाचा ओढा तोच की दुसरा, ते आम्हाला ठाऊक नाही.

मग प्रश्न सुरू झाले, आणि खरं सांगते, त्या प्रश्नांइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. चिखलात घोडा किती धावतो? तोफ भरायला जो वेळ लागतो तेवढ्यात पायदळ किती पुढे येतं? सेनापती पडला हे मागच्या फळीला कसं कळतं, आणि कळेपर्यंत ती लढते का? भेदरलेला हत्ती कुणीकडे पळतो? या शेवटच्या प्रश्नावर आमचा सबंध एक रविवार गेला. मी म्हणत होते शत्रूपासून दूर, म्हणजे मागे. महनूर म्हणाली, "त्याले काय माहीत शत्रू कोन हाय? जिकडं तोंड अशीन तिकडं जाईन." शेवटी नियम असा झाला की जखमी हत्तीला माहुताने आवरायचं. आवरला नाही तर तो आपल्याच सैन्यावरून जातो.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न महनूरचा होता. खऱ्या लढाईत मुबारिज हरला. आपल्या टेबलावर तो जिंकू शकला पाहिजे की नाही? नाही जिंकू शकला तर मग खेळायचं कशाला, आणि सहज जिंकला तर ती साखरखेर्ड्याची लढाई कसली? दोन्ही बाजूंना जिंकायची सारखी आशा हवी, पण सारखी ताकद नको, एवढं आम्ही ठरवलं. बोलायला सोपं आहे. करायला बसा म्हणजे कळेल.

फासे आम्ही आधी लुडोचेच घेतले होते. पण एका फटक्यात सहा पडले की अख्खी फळी साफ, आणि एक पडला की तोफेचा गोळा जणू फुसका. महनूर म्हणाली, "असं लढाईत होत नसते. थोडंथोडंच मरतेत लोकं." तेव्हा मला चिंचोके आठवले. एका अंगाने पांढरे, एका अंगाने तपकिरी, पाच चिंचोके टाकायचे आणि पांढरे मोजायचे, जितके पांढरे तितके मेले. पाचही पांढरे क्वचित पडतात, एकही नाही असंही क्वचित. बहुतेक वेळा मधलंच काहीतरी. महनूरला ते इतकं पटलं की ती त्याच मिनिटाला खाली जाऊन आपले लहानपणचे चिंचोके घेऊन आली. मी दुसऱ्या दिवशी माझे नेले. दोघींच्याही कापडी पुरचुंड्या होत्या. माझे टपोरे, तिचे चपटे. आम्हाला वाटलं, झाडाझाडाचा फरक.

लहानपणी आमच्या गल्लीत कुणी कुणाला आपले चिंचोके देत नसे. हात बदलला की नशीब जातं म्हणत. तिच्याकडेही तेच. तिशी ओलांडलेल्या दोन बाया आम्ही, एक शिक्षिका आणि एक स्वतःचा क्लास चालवणारी. पण मी एकदाही तिच्या चिंचोक्यांना बोट लावलं नाही, तिने माझ्या नाही.

चाचणीचे डाव सुरू झाले आणि मी जिंकायला लागले. मी निजाम, ती मुबारिज. दर रविवारी मुबारिज पडे. महनूरचं म्हणणं, निजामाच्या तोफा भारी झाल्या आहेत. आम्ही दोन तोफा कमी केल्या. तरी मी जिंकले. ओढ्यात माझ्या बाजूने जास्त चिखल केला. जिंकले. मग म्हटलं बाजू बदलून पाहू, तर मुबारिज होऊनही मीच जिंकले. आता मुबारिज भारी झाला म्हणून त्याचं घोडदळ कापलं. पुस्तिका फुगत चालली. दुपारनंतर तोफांची दारू दमट होते असा एक नियम आला. उपाशी घोड्यांचा एक. डाव्या बगलेची फळी ओढ्याकडे तोंड करून असेल तर काय, याचा एक, जो आता मलाही वाचून समजत नाही. ठिगळाला ठिगळ लागत गेलं. महनूर शिवणकाम करणारी बाई, तिला ठिगळाचा मनस्वी तिटकारा. ती रविवार-रविवारी गप्प होत गेली.

मला ते दिसत होतं का? दिसत होतं. पण मी जिंकत होते ना! मला माज चढला होता. स्टाफरूममध्ये मी पोर्शन कसा संपवायचा यावरही सेनापतीसारखी बोलायला लागले होते. महनूर तीन-चारदा जिंकली, तेव्हा मी दिवसभर घरी फणफणत होते, हेही सांगून टाकते.

अशात आमीरचा फोन आला. नागपूरला असे खेळ खेळणाऱ्यांची एक मंडळी जमते, त्यांना त्याने आमच्या लढाईचे फोटो दाखवले होते. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्यांच्यातले दोघं आमची लढाई खेळणार. फक्त पुस्तिका वाचून. आम्ही शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. एखादा नियम अडला तरी समजावून सांगायचा नाही. ज्याने नियम केले तो शेजारी नसतानाही खेळ चालतो का, हे त्यातून कळतं म्हणे. महनूरने फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिला इतकं काही हवं असलेलं मी डी.एड.च्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी माडीवर गेले. सैन्य मांडलेलं होतं. महनूर टेबलाच्या पलीकडे उभी, हातात पुस्तिका, आणि टेबलावर एक स्टीलची वाटी.

"आजपासून एक नवा नियम," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "चिंचोके हातानं टाकायचे नाहीत. वाटीत घालून, हलवून, वाटी उपडी करायची. समोरच्यानं पाह्यल्याशिवाय कोनी मोजायचे नाहीत."

"अन् हे आज काऊन सुचलं?"

तिने एका घोडेस्वाराचं निशाण सरळ केलं. "नागपूरचे लोकं विचारतीन म्हनून."

"खरं सांग, महनूर."

"तू मुठीत जरा वेळ धरते," ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता. "मंग टाकते. अन् पांढरेच पडतेत. बाजू बदलली तरी पडतेत, तोफा काढल्या तरी पडतेत. मी लय दिवसापासून पाहून राह्यली. मी असं नाही म्हनत का तू मुद्दाम..."

"म्हन ना! म्हन!"

"तुह्या हातात काहीतरी आहे, धम्मा."

तिने मला तोंडावर लबाड म्हटलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण तिने नियम केला. दोन वर्षं आम्ही दोघींनी मिळून नियम केले होते, आणि हा पहिलाच तिने एकटीने केला, माझ्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी माझी पुरचुंडी उचलली, उठताना ओढणीने तिचं अर्धं घोडदळ आडवं केलं, आणि जिना उतरले. खाली तिची अम्मी, खुर्शीदाखाला, "बेटा, चाय?" म्हणत होती. मी उत्तरही दिलं नाही.

घरी माय ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. चिंचेचे दिवस होते, अंगणात चादरीवर चिंचोक्यांचा ढीग पडलेला. चिंचोके पाहून माझं डोकं आणखीच फिरलं. मी पुरचुंडी सोडली आणि माझे पाचही चिंचोके अंगणात भिरकावले.

"आता काय झालं?" मायने विचारलं. तिला गावात सगळे बेबीताई म्हणतात आणि तिच्या शांतपणाचं कौतुक करतात. तो माझ्याकडे उतरलेला नाही.

"काही नाही."

"काही नाही त चिंचोक्यायनं काय घोडं मारलं तुह्यं?"

मला त्या वेळी एकच हवं होतं. महनूरने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, धम्मा, तू लबाडी केली नाहीस. ते ती म्हणणार नसेल तर खेळ संपला, आणि खेळ संपला तर मग रविवारी मी जाणार कुठे? सबंध तालुक्यात दुसरं कोण आहे जे माझ्याबरोबर बसून भेदरलेला हत्ती कुणीकडे पळतो याचा विचार करेल? स्टाफरूममध्ये पगारवाढीवर बोलतात. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ठरवलं, सिद्ध करून दाखवते. वाटीतून टाकते, डोळे मिटून टाकते, आणि तरीही पांढरे पडतात ते लिहून तिच्या तोंडावर मारते. अंगणात शोधले तर पाचातले तीनच सापडले. दोन नवे करायला हवे होते. आमच्याकडे चिंचोके धुण्याच्या दगडावर घासून करतात. आख्खा चिंचोका धरायचा आणि एका अंगाचं तपकिरी साल जाऊन पांढरं दिसेपर्यंत घासत बसायचं. बोटं दुखतात, वेळ जातो. माझ्यात तेवढा दम कुठला? मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि ढिगातले चिंचोके ठोकायला लागले. बरेच फुटून चुरा झाले. एकाच्या बरोबर दोन फाका झाल्या, आतून पांढऱ्या, बाहेरून तपकिरी. म्हटलं, झाले दोन.

ते पाच मी वाटीतून टाकले. पुन्हा टाकले. माझे जुने तीन कधी पांढरे पडत, कधी तपकिरी. नव्या दोन फाका मात्र तपकिरी, तपकिरी, पुन्हा तपकिरी. मला वाटलं ठोकताना काही बिघडलं असेल. मी आणखी ठोकले, साफ फाका निघाल्या त्या पाच घेतल्या, आणि ओसरीवर खडूने रेघा मारत टाकत बसले. पाचात एखादा पांढरा, कधी दोन. तीन पडले की मला नवल वाटायला लागलं.

राग कधी गेला ते कळलंच नाही. आता फक्त कुतूहल उरलं होतं. मला मायसाठी चहा ठेवायचा होता, तो विसरले. एक फाक बोटांत धरून पाहिली. आतली बाजू सपाट, बाहेरची फुगीर. जमिनीवर पडली की ती डुगडुगते आणि सपाट अंगावर बसते, पोट खाली, पाठ वर. म्हणजे पांढरं खाली लपतं. आणि घासलेला आख्खा चिंचोका? तो दोन्ही अंगांनी फुगीरच राहतो, नुसतं साल गेलेलं असतं. तो कसाही बसतो.

आणि मग मला महनूरचे चपटे चिंचोके आठवले.

मी अंगणात अक्षरशः उडी मारली. मी लबाड नव्हते! हाताने टाकलं काय, वाटीने टाकलं काय, पांढरे पडणारच होते. तिच्याकडे चिंचोके फोडून करतात, आमच्याकडे घासून. एवढंच! आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते म्हणून मी चप्पल घातली आणि फाटकापाशी गेल्यावर थांबले.

कारण दुसरी गोष्ट जरा उशिरा डोक्यात शिरली. मी लबाड नव्हते, पण मग मी सेनापतीही नव्हते. दोन वर्षं जे जिंकले ते चिंचोक्यांनी जिंकलं होतं. माझ्या त्या डाव्या बगलेच्या चाली, ज्यांची मी स्टाफरूममध्ये फुशारकी मारली, त्यांचं काहीच नव्हतं त्यात. उलट महनूर तसल्या चिंचोक्यांनी तीन-चारदा मला हरवून गेली होती. आता खरी अक्कल कुणाची ते पाहा.

मी चप्पल काढली आणि आत गेले. दोन दिवस गप्प बसले. मनात नाना विचार येत होते. ती माफी मागत नाही तर मी तरी काऊन सांगू? वाटीचा नियम मान्य केला तर तिचा संशय फिटेल आणि माझे पांढरेही चालू राहतील. हो, हेही आलं मनात. पण नागपूरचे दोन अनोळखी लोक एप्रिलमध्ये ते ठिगळांचं पुस्तक उघडणार, नुसत्या फाका किंवा नुसते घासलेले घेऊन बसणार, आणि उपाशी घोड्यांच्या नियमाशी येऊन हसणार. महनूर शेजारी तोंड मिटून बसलेली असणार. ते चित्र मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी माडीवर गेले. महनूर कात्री पुसत होती. मी माझे तीन आणि माझ्या फाका टेबलावर मांडल्या.

"टाक," मी म्हणाले.

"तुह्ये?"

"हाव, माह्ये. टाक."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चिंचोक्यांकडे. दुसऱ्याचे चिंचोके हातात घ्यायचे म्हणजे तिलाही जड गेलं, ते दिसत होतं. तिने माझे तीन टपोरे उचलले आणि टाकले. दोन पांढरे. पुन्हा टाकले. एक पांढरा. पुन्हा, तिन्ही पांढरे. मग मी म्हणाले, "आता तुह्ये दे मले." तिने पुरचुंडी सरकवली. मी टाकले. चार तपकिरी, एक पांढरा. ती खाली वाकली. मी पुन्हा टाकले. चार तपकिरी. ती टेबलावर कोपर टेकून जवळजवळ झोपलीच.

"अम्मी!" ती जिन्यातून ओरडली. "अपने चिंचोके तुम कैसे बनाते थे?"

खुर्शीदाखाला वर आली, पदराला हात पुसत. "कैसे म्हंजे? तव्यावर जरा भाजायचे, दगडानं हळूच मारायचं, दोन फाका व्हतेत. घासत कोन बसन बेटा दिवसभर?"

महनूरने एक फाक उचलली आणि माझ्या टपोऱ्याशेजारी ठेवली. तिचा चेहरा मी पाहत होते, कारण मला ते वाक्य हवं होतं. पण ती कसली बोलते! तिचे डोळे पुस्तिकेवर गेले.

"म्हंजे तोफा भारी नव्हत्या," ती हळूच म्हणाली.

"नव्हत्या."

"चिखलबी बरोबर होता."

"हाव."

"अन् ते उपाशी घोडे..."

"त्यायले जेवाले घाल आता," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी एकदम हसलो. खालाला काही कळलं नाही, पण तीही हसली.

पुढचे आठवडे आम्ही पुस्तिका उसवत बसलो. महनूरला ठिगळं काढण्यात जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. दमट दारू गेली. उपाशी घोडे गेले. डाव्या बगलेचा नियम मी स्वतःच्या हाताने खोडला. पहिल्या नियमाच्या जागी लिहिलं: दोन्ही बाजूंनी एकच चिंचोके वापरायचे, भाजून फोडलेले. घासायचे नाहीत, कारण नागपूरला घासत बसायला वेळ कोणाला आहे? मग फाकांवर सगळे आकडे नव्याने बसवले. हत्तीला आवरायला आधी तीन पांढरे लागत, ते दोनवर आणलं. वाटीचा नियम तेवढा पुस्तिकेत होता तसाच राहिला. तो विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. एवढं हसलो-खेळलो तरी ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. तिने सोडून दिलं होतं की अजून मनात होतं, मला कळत नव्हतं.

नागपूरच्या आधीच्या रविवारी शेवटचा चाचणी डाव लावला. ती मुबारिज, मी निजाम, मधे एकच पाच फाकांचा संच. पहिल्या तासातच मला कळलं की मी कधी हिच्याबरोबर खेळलेच नव्हते. ती माझ्या तोफांच्या समोर येतच नव्हती. तिने बकऱ्यांसारखी ती जनावरं ओढ्यापाशी नुसती उभी केली, मी ती खायला पुढे गेले, आणि तिचं घोडदळ उताराआडून माझ्या बगलेत घुसलं. मी बारीबारीला वाटी उपडी करत होते, ती वाकून पाहत होती, मोजत होती. माझा मोठा हत्ती जखमी झाला. त्याच्या मागे माझ्या तोफा, तोफांच्या मागे निजाम. आता दोन पांढरे पडले तर हत्ती आवरला आणि मी अजून लढू शकत होते. नाही पडले तर संपलं.

मी वाटीकडे हात नेला. महनूर उठली.

"चाय आनतो," ती म्हणाली.

"थांब ना. माही बारी आहे. हत्ती आहे, महनूर."

"मंग टाक ना."

"तू पाह्यल्याशिवाय?"

तिने टेबलावरची वाटी उचलली. "ही खाली नेतो, अम्मीले पाह्यजे होती," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली. तिची पावलं खाली गेली. मग तिथून आवाज आला, "टाक, अन् सांग किती पडले!"

मी पाचही फाका मुठीत घेतल्या. जरा वेळ धरल्या. मला तशी सवयच आहे. मग टाकल्या.

एक पांढरी. तीन तपकिरी. पाचवी टेपच्या कडेला टेकून तिरकी उभी राहिली होती, धड पोट वर नाही, धड पाठ वर नाही. पुस्तिकेत तिरक्या चिंचोक्याचा नियम होता: धरायचा नाही. टेप जरासा हलवला असता तर ती पांढरी पडली असती. खालून कपांचा आवाज येत होता. माडीवर मी एकटीच होते. मी श्वाससुद्धा जपून घेतला, उगाच फुंकर लागायला नको म्हणून.

"एकच!" मी ओरडले.

"किती?"

"एकच पांढरा!"

"मंग उधळला हत्ती," ती खालून म्हणाली. "ने त्याले तोफायवरून. साखर किती टाकू?"

मी टेप घेतला, मोजलं, आणि माझाच हत्ती माझ्या तोफांवरून निजामापर्यंत नेला. महनूर दोन कप घेऊन वर आली. फाका अजून टेबलावरच पडलेल्या होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक कप माझ्या हातात दिला आणि आडवे झालेले शिपाई गोळा करायला लागली. मला इतकं बरं वाटत होतं की आपण हरलो आहोत हे चहा संपेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही.